थोर गणिती भास्कराचार्य : पाटणपासून शनीपर्यंत

इ. स. १९७९ हे वर्ष आकाशाचा अभ्यास करणाऱ्यांना फार भाग्याचे गेले. त्या वर्षी ५ मार्च रोजी व्हॉयेजर-१ हे अमेरिकेचे मानवविरहित यान गुरू ग्रहाजवळून गेले. ९ जुलै रोजी त्याचे भावंड व्हॉयेजर-२ तेथे पोहोचले. माणसाच्या हातांनी घडविलेले यंत्र कोट्यवधी किलोमीटर अंतर तोडून गुरूची आणि त्याच्या उपग्रहांची चित्रे पाठवीत होते व सारे जग ती चित्रे पाहत होते. या दोन तारखांच्या मध्ये आणखी एक तारीख येते. ७ जून १९७९ रोजी आपल्या भारताचा दुसरा कृत्रिम उपग्रह रशियन अग्निबाणाच्या साहाय्याने आकाशात गेला. त्याचे नाव होते भास्कर. २० नोव्हेंबर १९८१ रोजी भास्कर-२ हा त्याचा जोडीदारही आकाशात गेला.

भास्कर हे नाव दोन प्राचीन गणितींच्या स्मरणार्थ ठेवलेले होते. पहिले भास्कर सातव्या शतकात होऊन गेले. दुसरे बाराव्या शतकातील भास्कराचार्य. या दुसऱ्या भास्कराचार्यांच्या घराण्याची खूण आपल्या खानदेशात, जळगाव जिल्ह्यात, दगडावर कोरलेली आहे, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मुंबईकडे जाताना चाळीसगाव जंक्शन लागते. धुळ्याची गाडी याच स्टेशनातून फुटते. तेथून नैर्ऋत्येस सुमारे १८ किलोमीटरवर, सह्याद्रीच्या पायथ्याशी, दाट जंगलात पाटण नावाचे ठिकाण आहे. आज लोक त्याला पाटणादेवी म्हणून ओळखतात. आपली मुले शाळेच्या सहलीने तेथे जातात, धबधबा पाहतात, डबा खातात आणि परत येतात. त्या ठिकाणाचे व शनी ग्रहाचे काय नाते आहे, हे त्यांना कोणीतरी सांगावयास हवे. म्हणून हा लेख.

घराणे व शिक्षण

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ मध्ये झाला. हे साल त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात नोंदविले आहे. आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जडविड हे होय, असेही ते सांगतात. हे गाव नेमके कोणते, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. कोणी ते पाटणच्या परिसरात दाखवितात, कोणी बीड म्हणतात, तर कोणी विजापूर. परंतु त्यांच्या घराण्याचा पाटणशी असलेला संबंध मात्र वादाचा विषय नाही. त्याला शिलालेखाचा आधार आहे आणि तो आपण पुढे पाहू.

त्यांच्या घरात विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली होती. वडील महेश्वर हे स्वतः ज्योतिषी व पंडित होते. भास्कराचार्यांचे गुरूही तेच. घरातच गणित, घरातच आकाशाचे निरीक्षण, अशा वातावरणात हा मुलगा वाढला. आजच्या पालकांनी येथे क्षणभर थांबावे. त्या काळी छापलेली पुस्तके नव्हती, शिकवणीचे वर्ग नव्हते, दुर्बीण नव्हती. मुलाबरोबर बसणारा आणि त्याच्या प्रश्नाला उत्तर देणारा बाप मात्र होता. मोठ्या माणसांच्या चरित्रात असा बाप, अशी आई किंवा असा उस्ताद बहुधा सापडतोच.

ग्रंथरचना

वयाच्या ३६ व्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणी हा आपला मुख्य ग्रंथ पूर्ण केला. त्याचे चार भाग आहेत. लीलावती या पहिल्या भागात अंकगणित व भूमिती आहे. दुसरा भाग बीजगणित. तिसऱ्या भागात ग्रहांचे गणित आहे आणि गोलाध्याय या चौथ्या भागात पृथ्वी व आकाश यांच्या गोलाचे विवेचन आहे. ग्रंथ श्लोकबद्ध असल्यामुळे विद्यार्थ्यांना तो पाठ करता येई. परंतु नुसते पाठांतर भास्कराचार्यांना पसंत नव्हते. म्हणून त्यांनी आपल्याच ग्रंथावर टीका लिहिली व नियमामागील कारण उलगडून सांगितले.

लीलावतीमधील उदाहरणे रोजच्या जीवनातली आहेत. व्याजाचा हिशेब, सोन्याचा कस, धान्याच्या राशी, तलावातील कमळ, मधमाश्यांचा थवा. एका उदाहरणात ३२ हात उंचीचा वेळू वाऱ्याने मोडतो आणि त्याचे टोक बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकते. तर तो किती उंचीवर मोडला? उत्तर १२ हात येते. आपल्या नववी-दहावीच्या मुलांनी हे उदाहरण आज संध्याकाळी सोडवून पाहावे. काटकोन त्रिकोणाचा जो नियम त्यांना शाळेत शिकवितात तोच येथे लागतो.

बीजगणितात त्यांनी चक्रवाल नावाची रीत पूर्णपणे मांडली. ही रीत त्यांच्या आधीच्या गणितींनी सुरू केलेली होती. भास्कराचार्यांनी तिच्या साहाय्याने एक अवघड प्रश्न सोडविला. एका पूर्ण संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून त्यात १ मिळविला असता पुन्हा पूर्ण वर्गच आला पाहिजे, तर ती संख्या कोणती? सोपा दिसणारा हा प्रश्न भल्याभल्यांना चकविणारा आहे. त्याचे सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० हे आहे आणि दुसरा वर्ग १,७६,६३,१९,०४९ या संख्येचा येतो. हाच प्रश्न फ्रान्समधील फर्मा या गणितीने इ. स. १६५७ मध्ये युरोपातील विद्वानांपुढे आव्हान म्हणून ठेवला. तोपर्यंत भास्कराचार्यांचे उत्तर लिहून पाचशे वर्षे होऊन गेली होती.

गुरू आणि शनी यांचा हिशेब

आता आपण मूळ विषयाकडे वळू. भास्कराचार्यांच्या काळी माहीत असलेल्या ग्रहांमध्ये सर्वांत दूरचे दोन ग्रह म्हणजे गुरू आणि शनी. युरेनसचा शोध इ. स. १७८१ मध्ये व नेपच्यूनचा १८४६ मध्ये लागला. शनीपलीकडे फक्त नक्षत्रे, अशी त्या वेळची समजूत होती. या दूरच्या ग्रहांना आकाशाची एक फेरी पूर्ण करण्यास किती दिवस लागतात?

भास्कराचार्यांनी येथे आपले पूर्वसूरी ब्रह्मगुप्त यांचे अंक स्वीकारले. अपूर्णांक टाळण्यासाठी हे गणिती फार मोठा काळ घेत. ४ अब्ज ३२ कोटी वर्षांचा एक कल्प. या कल्पात शनीच्या १४,६५,६७,२९८ फेऱ्या होतात आणि गुरूच्या ३६,४२,२६,४५५, असे ग्रंथात दिले आहे. कल्पाचे एकूण दिवस १५,७७,९१,६४,५०,०००. दिवसांना फेऱ्यांनी भागले की उत्तर मिळते. शनीची एक फेरी सुमारे १०,७६५.८ दिवसांची येते. आजचे शास्त्रज्ञ ती १०,७५९.२ दिवसांची मानतात. म्हणजे साडेएकोणतीस वर्षांच्या फेरीत जेमतेम सात दिवसांची चूक. गुरूची फेरी ग्रंथाप्रमाणे ४,३३२.२४ दिवसांची आहे व आजच्या मापाप्रमाणे ४,३३२.५९ दिवसांची. सुमारे बारा वर्षांच्या फेरीत साडेआठ तासांहूनही कमी फरक!

हे कशाच्या बळावर साधले? दुर्बीण इ. स. १६०८ च्या सुमारास युरोपात निघाली. भास्कराचार्यांच्या जवळ होते डोळे, सावली मोजण्याचा शंकू, पाण्यात बुडणाऱ्या वाटीचे घटिकायंत्र आणि असेच काही साधे सरंजाम. फलकयंत्र नावाचे एक साधन त्यांनी स्वतः योजिले होते. तथापि सर्व यंत्रांत बुद्धी हेच श्रेष्ठ यंत्र होय, असे त्यांचे मत होते. हातात केवळ एक काठी असली तरी बुद्धिमान माणूस पुष्कळ काही मोजू शकतो, हे त्यांनी उदाहरणांनी दाखवून दिले. त्यांच्या अंकांच्या मागे अनेक पिढ्यांच्या निरीक्षणांची रास होती. शनीची एक फेरी पाहावयास माणसाला तीस वर्षे लागतात. एका आयुष्यात दोन, फार तर तीन फेऱ्या. म्हणून हे काम एकट्याचे नसते. एकाने लिहून ठेवावे, दुसऱ्याने ते तपासावे, तिसऱ्याने सुधारावे, तेव्हा कोठे खरा अंक हाती येतो.

यानांना हिशेब लागतो

विद्यार्थी मित्रांनो, व्हॉयेजर-२ हे यान २० ऑगस्ट १९७७ रोजी पृथ्वीवरून निघाले आणि ऑगस्ट १९८१ मध्ये शनीजवळ पोहोचले. प्रवासाला चार वर्षे लागली. शनी दररोज आपल्या मार्गावर सरासरी दोन कला पुढे सरकतो. साठ कला म्हणजे एक अंश. त्या चार वर्षांत शनी सुमारे ४९ अंश पुढे गेला होता. यान सोडताना जेथे शनी होता तेथे नेम धरला असता तर यान रिकाम्या आकाशात पोहोचले असते. चार वर्षांनंतर शनी कोठे असेल ते आधी काढावे लागते व तेथे यान पाठवावे लागते. दररोज दोन कला ही शनीची सरासरी गती भास्कराचार्यांच्या अंकांवरूनही हीच निघते. आपल्या मुलांनी ३६० अंशांच्या २१,६०० कला करून त्यांना १०,७६५.८ ने भागून पाहावे.

दुसरी गोष्ट. गुरूच्या जवळून जाताना यानाला गुरूच्या आकर्षणाचा जोर मिळतो आणि त्याचा वेग वाढतो. हा जोर घेऊनच व्हॉयेजर याने शनीकडे गेली. त्यासाठी गुरू आणि शनी योग्य स्थितीत यावे लागतात. हे दोन ग्रह आकाशात किती काळाने एकत्र येतात? गुरू वेगवान, शनी मंद. भास्कराचार्यांच्या अंकांवरून हिशेब केला तर उत्तर सुमारे ७,२५० दिवस, म्हणजे वीस वर्षांना थोडे कमी, असे येते. आजच्या गणिताप्रमाणे ते ७,२५३ दिवस आहे. इ. स. १९८०-८१ मध्ये हे ग्रह जवळ आले होते व त्याच सुमारास व्हॉयेजर याने शनीपाशी पोहोचली. २००० मध्ये ते पुन्हा जवळ आले. २१ डिसेंबर २०२० च्या संध्याकाळी पश्चिमेस हे दोन तारे जणू एकच झालेले अनेकांनी गच्चीवरून पाहिले असतील. पुढची भेट २०४० मध्ये आहे. आज शाळेत असलेली मुले तेव्हा कर्ती झालेली असतील. त्यांपैकी कोणी त्या वेळी यानांचा हिशेब करीत असेल का, हा प्रश्न पालकांनी स्वतःला विचारावा.

भास्कराचार्यांची आणखी एक देणगी सांगितली पाहिजे. ग्रह रोज सारख्या वेगाने चालत नाही. म्हणून दिवसाची सरासरी गती वेगळी आणि एखाद्या क्षणाची गती वेगळी, हा भेद त्यांनी स्पष्ट केला. क्षणाच्या गतीला त्यांनी तात्कालिक गती म्हटले व ती काढण्याची रीत दिली. सरासरी स्थानापासूनचा ग्रहाचा फरक जेथे सर्वाधिक असतो तेथे त्या फरकाची वाढ शून्य असते, हेही त्यांनी ओळखले. आज महाविद्यालयात कलनशास्त्र शिकणारा विद्यार्थी हेच तत्त्व पहिल्या वर्षी शिकतो. ते शास्त्र सतराव्या शतकात न्यूटन व लायब्निझ यांनी पूर्णत्वास नेले. अवकाशयानाचे यंत्र कोणत्या क्षणी व किती वेळ चालवावयाचे, हे त्याच शास्त्राने ठरते. शनीजवळच्या यानापर्यंत संदेश पोहोचावयास एक तासाहून अधिक वेळ लागतो. तेथे चूक झाली तर धावून जाणारा कोणी नसतो. हिशेब आधीच बरोबर असावा लागतो.

गौरव कसा करावा

येथे एक सावधगिरीची सूचना करणे आवश्यक वाटते. भास्कराचार्यांना सर्व काही माहीत होते, अवकाशयानेसुद्धा आपल्या जुन्या पोथ्यांत होती, असे बोलणारे लोक भेटतात. असे बोलणे हा त्या थोर पुरुषाचा गौरव नव्हे. पृथ्वी स्थिर असून ग्रह तिच्याभोवती फिरतात, असेच भास्कराचार्य मानीत. पृथ्वीच्या अंगी आकर्षणशक्ती असून ती जड पदार्थ आपल्याकडे ओढते, हे त्यांनी लिहिले. परंतु त्या शक्तीचे माप देणारा नियम न्यूटनचा आहे. पृथ्वीला खालून आधार असता तर त्या आधाराला दुसरा आधार हवा, त्याला तिसरा, आणि याला अंत नाही, म्हणून पृथ्वी आधाराशिवाय आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांचे मोठेपण या विचार करण्याच्या पद्धतीत आहे. जुन्या मताची चूक दिसली की ती दाखवून देण्यास ते कचरत नसत. त्यांच्या चुका दाखविणारा विद्यार्थी त्यांना नक्कीच आवडला असता.

फैजी आणि लीलावती

आता या चरित्राचा असा एक भाग सांगावयाचा आहे की जो आपल्या समाजातील प्रत्येक मुलाला माहीत असला पाहिजे. भास्कराचार्यांच्या मागे चारशे वर्षांनी, इ. स. १५८७ मध्ये, अकबर बादशहाच्या हुकुमाने लीलावतीचे फारसीत भाषांतर झाले. हे काम दरबारचे मलिक-उश-शुअरा, म्हणजे राजकवी, अबुल फैज फैजी यांनी केले. अबुल फजल यांचे हे थोरले बंधू. कवी असूनही त्यांनी गणिताचा ग्रंथ हाती घेतला व संस्कृतातील ज्ञान फारसी वाचकांपुढे ठेवले.

लीलावतीची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. भास्कराचार्यांची कन्या लीलावती. तिच्या विवाहाचा शुभ क्षण साधण्यासाठी पाण्यात घटिकापात्र ठेवले होते. मुलगी कुतूहलाने वाकून पाहू लागली आणि तिच्या वस्त्रातील एक मोती पात्रात पडला. त्याने पात्राचे छिद्र बंद झाले. पाणी आत येईना, क्षण टळून गेला व विवाह झाला नाही. दुःखी झालेल्या मुलीला बापाने सांगितले की तुझ्या नावाचा ग्रंथ लिहीन व तो चिरकाल टिकेल. ही गोष्ट इतिहास आहे असे म्हणता येणार नाही. परंतु ती आपल्यापर्यंत आली ती फैजींच्या फारसी प्रस्तावनेतून. महाराष्ट्रातील घराघरांत सांगितली जाणारी ही गोष्ट एका मुसलमान कवीच्या लेखणीने जगविली आहे.

फैजींचा आपल्या खानदेशाशीही संबंध आला. इ. स. १५९१ मध्ये अकबराने त्यांना वकील म्हणून दक्षिणेत पाठविले. त्या वेळी खानदेशात फारुकी सुलतानांचे राज्य होते. त्यांची पहिली राजधानी धुळे जिल्ह्यातील थाळनेर. तेथे त्यांच्या कबरी आजही उभ्या आहेत. नंतरची राजधानी बुऱ्हाणपूर. फैजी तेथे सुलतान राजा अली खान यांच्या दरबारी आले आणि पुढे अहमदनगरच्या निजामशाहीकडे गेले. ज्या भूमीत भास्कराचार्यांच्या ग्रंथांसाठी मठ स्थापन झाला होता त्याच भूमीत लीलावतीचा भाषांतरकार येऊन गेला.

फैजींनंतर इ. स. १६३४-३५ च्या सुमारास अताउल्लाह रशीदी यांनी बीजगणिताचे फारसी भाषांतर केले आणि ते शाहजहान बादशहाला अर्पण केले. ज्यांच्याकडे ताजमहालाच्या रचनेचे श्रेय दिले जाते त्या उस्ताद अहमद लाहोरींचे हे चिरंजीव. औरंगाबाद म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरातील बिबी का मकबरा ही वास्तूही अताउल्लाह यांच्याच नावावर आहे. पाटणचा डोंगर चढून घाट ओलांडला की कन्नड लागते व तेथून मकबऱ्याकडे रस्ता जातो. डोंगराच्या एका अंगाला बीजगणिताच्या कर्त्याच्या घराण्याचा मठ व दुसऱ्या अंगाला त्याच बीजगणिताच्या भाषांतरकाराची इमारत, असा हा योग आहे. पुढे इ. स. १८१३ मध्ये एडवर्ड स्ट्रेची या इंग्रज गृहस्थाने बीजगणित इंग्रजीत आणले ते अताउल्लाह यांच्या फारसी भाषांतरावरूनच. थेट संस्कृतावरून केलेले कोलब्रुकचे भाषांतर १८१७ मध्ये निघाले.

आणि हा प्रवास दुतर्फा होता. ज्या ब्रह्मगुप्तांचे ग्रहांक भास्कराचार्यांनी घेतले त्यांच्या परंपरेतील ग्रंथ आठव्या शतकातच बगदादला, खलीफा अल-मन्सूर यांच्या दरबारी, पोहोचला होता. अरबीत त्याला सिंदहिंद हे नाव मिळाले. नवव्या शतकात अल-ख्वारिझ्मी यांनी त्याच आधारावर ग्रहांची कोष्टके तयार केली. त्यांच्या ग्रंथाच्या नावातील अल-जब्र या शब्दावरून आज सारे जग अल्जिब्रा हा शब्द वापरते. शून्यासह दहा अंकांची भारतीय पद्धत युरोपास गेली तीही अरबांच्या हातून. विद्येला धर्म विचारला जात नाही. तिला फक्त मेहनत विचारली जाते.

पाटणचा मठ

उतारवयातही भास्कराचार्यांची लेखणी थांबली नाही. वयाच्या ६९ व्या वर्षी, इ. स. ११८३ मध्ये, त्यांनी करणकुतूहल हा सोपा ग्रंथ लिहिला. ग्रहांची स्थाने चटकन काढता यावीत हा त्याचा हेतू. पंचांग करणाऱ्यांनी तो पुढे शतकानुशतके वापरला.

त्यांचे चिरंजीव लक्ष्मीधर यांची विद्वत्ता पाहून यादव राजा जैत्रपाल त्यांना पाटणहून आपल्या दरबारी घेऊन गेला. लक्ष्मीधरांचे चिरंजीव चांगदेव हे सिंघण यादवाचे मुख्य ज्योतिषी झाले. या नातवाने इ. स. १२०७ मध्ये पाटण येथे एक मठ स्थापन केला. तेथे आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे हा त्याचा उद्देश होता. निकुंभ घराण्यातील स्थानिक राजाने त्यास दान दिले. ही सर्व हकीकत तेथील देवीच्या देवळातील शिलालेखात कोरलेली आहे. डॉ. भाऊ दाजी यांनी इ. स. १८६५ मध्ये या लेखाकडे विद्वानांचे लक्ष वेधले. चाळीसगाव तालुक्यातीलच बहाळ येथे शके ११४४ चा दुसरा लेख आहे. तो भास्कराचार्यांच्या भावाचा नातू अनंतदेव याचा. एकाच तालुक्यात एका गणिती घराण्याचे दोन लेख आहेत.

पाटणच्या लेखाचा शेवटचा भाग संस्कृतात नाही. तो त्या काळच्या मराठीत आहे. ही मराठी राजासाठी नव्हती, बाजारातील माणसासाठी होती. मठासाठी कोणाकडून किती घ्यावयाचे त्याचा तो तपशील आहे. गिऱ्हाइकांच्या व्यवहारातून काही वाटा आणि गावात जेवढे तेलाचे घाणे चालत त्या प्रत्येकामागे एक पळी तेल. एक पळी! घाणेवाल्याला ती जड नव्हती. पण साऱ्या घाण्यांच्या पळ्या मिळून मठाचा दिवा रात्रभर जळू शकत होता आणि त्या उजेडात कोणी विद्यार्थी शनीच्या फेऱ्या मोजू शकत होता. त्या घाणेवाल्यांपैकी कोणालाही लीलावतीचा एक श्लोक येत नसेल. तरीही विद्या टिकली ती त्यांच्याही तेलावर.

आपल्या शिक्षण संस्थाही अशाच पळीपळीने उभ्या राहिल्या आहेत. कोणी ईदच्या वेळी रक्कम देतो, कोणी वर्गाला पंखा देतो, कोणी होतकरू मुलाची फी भरतो. देणाऱ्याला वाटते, माझ्या एवढ्याशा मदतीने काय होणार? पाटणचा दगड त्याचे उत्तर देतो.

पालकांना एक नम्र विनंती आहे. गणित अवघड म्हणून मुलाला त्यापासून दूर नेऊ नका. दहावी झाली, आता कामाला लाव, असे म्हणण्यापूर्वी एकदा त्याच्या शिक्षकांना भेटा. आणि मुलींच्या बाबतीत तर लीलावतीची गोष्ट लक्षात ठेवा. ती गोष्ट खरी असो वा नसो, फैजींनी ती लिहिताना एका मुलीच्या दुःखावर बापाने दिलेला उपाय म्हणजे गणिताचा ग्रंथ, असे दाखविले आहे. ग्रंथातील अनेक उदाहरणेही एका मुलीला उद्देशूनच घातलेली आहेत. इल्म मिळविणे आपल्याकडे फर्ज मानले जाते. ते फर्ज मुलीवरही आहे.

व्हॉयेजर-१ ने २५ ऑगस्ट २०१२ रोजी सूर्याच्या वाऱ्याची सीमा ओलांडली. कॅसिनी यानाने तेरा वर्षे शनीभोवती फिरून १५ सप्टेंबर २०१७ रोजी त्याच्याच वातावरणात आपला प्रवास संपविला. गुरूच्या उपग्रहांकडे २०२३ व २०२४ मध्ये आणखी दोन याने निघाली आहेत. शनीची फेरी डोळ्यांनी मोजणाऱ्यांपासून ते शनीपर्यंत यंत्र पाठविणाऱ्यांपर्यंत ही एकच रांग आहे. त्या रांगेत भास्कराचार्य आहेत, अल-ख्वारिझ्मी आहेत, फैजी आणि अताउल्लाह आहेत. पुढची जागा रिकामी आहे. पुढच्या सहलीत पाटणादेवीला जाल तेव्हा मुलांना तो शिलालेख आवर्जून दाखवा आणि परत आल्यावर त्यांच्याकडून मोडलेल्या वेळूचे उदाहरण सोडवून घ्या.